‘मात्रा’ या शब्दावर एकही मात्रा नाही

आंबेमोहर (धागाकर्ती)

परवा संध्याकाळी लेकीचा गृहपाठ चालला होता. ती तिसरीत आहे. ‘काना-मात्रा नसलेले दहा शब्द लिहा’ असा प्रश्न होता. कमळ, बदक, फणस, गवत असं भराभर लिहून झालं आणि तिने तबल्याची वही उघडली. क्लास नुकताच सुरू झालाय, अजून तीनतालावरच आहे. वहीत सरांनी वर लिहून दिलंय, ‘तीनताल, मात्रा १६’. तिने दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "आई, तीनताल या शब्दावर तर एकही मात्रा नाही. मग सर सोळा कुठून मोजतात?"

"ती मात्रा वेगळी, ही वेगळी," एवढंच मला सांगता आलं. वेगळी म्हणजे कशी, ते काही सांगता येईना. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. खुद्द ‘मात्रा’ हा शब्दच लिहून बघा, दोन काने आहेत आणि मात्रा एकही नाही. वृत्तं शिकताना आम्ही याच शब्दाच्या चार मात्रा मोजल्या असत्या. माझी आजी सहाणेवर उगाळून चाटवायची तीही मात्राच. २०२१ साली रोज पेपरात यायची ती लशीची पहिली मात्रा, दुसरी मात्रा. आणि ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ म्हणतो त्यातली मात्रा यातली नेमकी कुठली?

इथे संगीतातले, वैद्यकातले, छापखान्यातले, संस्कृतचे असे सगळेच आहेत. ज्याच्या त्याच्या कामात मात्रा म्हणजे काय, ते सांगाल का? पोरीला नीट उत्तर द्यायचंय.

ठेका

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न फार मोलाचा आहे. मी पंचवीस वर्षं तबला शिकवतोय, पण हे कुठल्या मुलाने असं विचारल्याचं आठवत नाही.

तालातली मात्रा म्हणजे दोन टाळ्यांमधलं समान अंतर. तीनतालात अशी सोळा अंतरं, चार-चारच्या चार विभागांत. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. झपतालात दहा, रूपकात सात, दादऱ्यात सहा. पण ही मात्रा घड्याळातल्या सेकंदासारखी नाही. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांचीसुद्धा होते आणि बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ मिनिट लागतं. तोच एकताल द्रुत, म्हणजे जलद लयीत दोन-तीन सेकंदांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येऊन उभा राहतो. मात्रा दोन्हीकडे बाराच. म्हणजे मात्रा किती लांब हे ठरवते लय, आणि लय ठरवतो गाणारा.

तिला करून दाखवायचं असेल तर ‘तिरकिट’ घ्या. एकतालाच्या ठेक्यात ‘तिरकिट’ हे चारही बोल एका मात्रेत बसतात. आणि ‘धा’ हा एकटा बोलही पूर्ण एक मात्रा घेतो. एका टाळीला ‘धा’ म्हणायला लावा, दुसऱ्या टाळीला ‘तिरकिट’. टाळीचा वेग बदलू द्यायचा नाही. तालातली मात्रा म्हणजे काय ते तिच्या हातालाच कळेल, तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

छंदिष्ट

ठेका यांचं उदाहरण वाचून चमकलोच, कारण आमच्याकडे हिशेब नेमका उलटा होतो. वृत्तात लघु, म्हणजे आखूड उच्चाराच्या अक्षराची एक मात्रा, गुरू, म्हणजे लांब किंवा जोर येणाऱ्या अक्षराच्या दोन. म्हणजे ‘तिरकिट’च्या चार मात्रा आणि ‘धा’च्या दोन. त्यांच्याकडे दोन्ही एकेक.

तालात माप आधी ठरलेलं असतं आणि बोल त्यात भरायचे असतात. वृत्तात अक्षरच स्वतःचं वजन घेऊन येतं. ती वजनं जुळवत ओळ उभी करायची. दिंडी या वृत्ताच्या ओळीत १९ मात्रा, ९ आणि १० अशा. साकीत २८, म्हणजे १६ आणि १२. आर्या तर सगळी मात्रांच्याच हिशेबावर. ‘सुश्लोक वामनाचा’ हा चरण सगळ्यांनी ऐकलेला असेल, तोच मोजू. ‘सु’ ऱ्हस्व आहे, पण पुढच्या ‘श्लो’चा आघात त्याच्यावर येतो म्हणून तो गुरू, दोन. ‘श्लो’ दोन, ‘क’ एक. झाल्या पाच. वा दोन, म एक, ना दोन, चा दोन, सात. एकूण १२. पुढच्या चरणात १८. मोरोपंतांनी बहुतेक ठिकाणी गीती हा प्रकार वापरला, त्यात दोन्ही ओळी अशाच तीस-तीस मात्रांच्या.

मराठीचा एक खास बारकावा इथे सांगायलाच हवा. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर जोर येतो म्हणून तो गुरू धरायचा. पण ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर तसा जोर येतच नाही, म्हणून जोडाक्षर पुढे असूनही तो लघुच. हा निर्णय कानाने करायचा. नवीन लिहिणारे पुष्कळजण फक्त जोडाक्षर बघून मात्रा मोजतात आणि मग ओळ अडखळते.

वेलांटी

माझे काम मुद्रितशोधनाचे. माझ्यासाठी मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची ती तिरपी रेघ, दुसरे काही नाही. ‘क’ला एक मात्रा के, दोन मात्रा कै, काना एक मात्रा को, काना दोन मात्रा कौ. आपण सगळे हे घोकतच मोठे झालो.

आता छंदिष्ट यांचा हिशेब याच्याशेजारी ठेवून बघा. ‘के’वर आमची एक मात्रा, त्यांच्या दोन. ‘कै’वर आमच्या दोन, त्यांच्याही दोनच. ‘का’वर आमची एकही नाही, त्यांच्या तिथेही दोन. म्हणजे लिपीतली मात्रा मोजून वृत्तातली मात्रा कधीच हाती लागणार नाही. विद्यार्थी इथेच गोंधळतात, त्यात त्यांची काही चूक नाही.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. ते सांगत, सगळ्यात नाजूक मात्रा. अक्षराच्या वर आलेला तो शिशाचा बारीक तुकडा दाबाखाली तुटायचा आणि ‘देव’चा ‘दव’ होऊन बाहेर पडायचा, ‘वेळ’चा ‘वळ’. पहिले शंभर कागद निघाले की ते मशीन थांबवून भिंगातून फक्त मात्रा बघायचे. मी प्रुफे वाचताना आजही आधी ओळीच्या वरच्या कडेवरून नजर फिरवते. ती सवय त्यांची.

आणखी एक. मात्रा पूर्वी नेहमी डोक्यावर नसे. जुन्या शिलालेखांत आणि पोथ्यांत ती अक्षराच्या आधी, उभ्या रेघेसारखी काढलेली दिसते. तिला पृष्ठमात्रा किंवा पडिमात्रा म्हणतात. सवय नसेल तर ती काना वाटते आणि आधीच्या अक्षराला जोडून वाचली जाते. बंगालीत एकाराचे चिन्ह अजूनही अक्षराच्या आधीच येते. आणि बंगालीत ‘मात्रा’ म्हणतात ती अक्षरांवरच्या आडव्या रेघेला, आपल्या शिरोरेषेला!

माळव्यातला

आम्ही इंदूरचे, घरात मराठी, शाळा हिंदी. शाळेत काना, वेलांटी, उकार हे शब्दच नव्हते. सगळ्याच मात्रा. छोटी इ की मात्रा, बड़े ऊ की मात्रा. सुट्टीत सोलापूरला मामाकडे गेलो की मामी शुद्धलेखन घालायची. ती म्हणायची ‘काना दे’ आणि मी पेन्सिल धरून नुसता बसायचो. तेव्हा वाटायचं मला काहीच येत नाही. आज वेलांटी यांचं वाचून कळलं, की खूण तीच होती, नावं दोन घरांची दोन होती.

माझ्या बोलण्यात आजही ‘मोठ्या मात्रेत पाऊस झाला’ असं येतं. बायको पुण्याची आहे, ती दर वेळी टोकते. हे खरंच चूक आहे का?

वेलांटी

@माळव्यातला, चूक म्हणणार नाही, पण मी माझ्या पानावर ते ‘मोठ्या प्रमाणात’ असे बदलते. हिंदीत कुठल्याही परिमाणाला मात्रा म्हणतात. मराठीत त्या जागी ‘प्रमाण’ आधीपासून आहे आणि मात्रेला आपण लहान, नेमकी, मोजून दिलेली अशी छटा ठेवली आहे. पाऊस काही मोजून दिला जात नाही. अलीकडे बातम्यांत ‘मोठ्या मात्रेत साठा जप्त’ असे सर्रास दिसते. ते वाचताना मला दर वेळी खटकते.

सूर्यफूल

मला वाटतं मात्रा आणि माता एकाच मुळातले. अक्षराला सांभाळते ती मात्रा. मातृका म्हणजे वर्णमाला, असंही वाचलंय.

सहाण

मी वैद्य आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण आंबेमोहर यांनी आजीची आठवण काढली आणि मला आमचं माजघर दिसायला लागलं.

आयुर्वेदात हा शब्द दोन थरांवर आहे. एक म्हणजे प्रमाण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायाचं नावच मात्राशितीय आणि त्याची सुरुवात ‘मात्राशी स्यात्’ अशी. मात्रेत खाणारा असावा. आणि लगेच पुढे सांगितलंय, की आहाराची मात्रा अग्नीच्या बळावर अवलंबून. म्हणजे दोन पोळ्या की चार, हे ताटावरून ठरत नाही, जेवणाऱ्याच्या पचनशक्तीवरून ठरतं. ज्याला जे सुखाने जिरतं ती त्याची मात्रा. ठेका यांनी लयीबद्दल लिहिलं ते वाचताना मला हेच आठवत होतं.

दुसरा थर घरगुती मराठीतला. तिथे मात्रा म्हणजे औषधच. विशेषतः धातूंची, रसाची म्हणजे पाऱ्याची औषधं. हेमगर्भाची मात्रा सगळ्यांनी निदान ऐकलेली असते. पारा, गंधक, सोनं, तांबं यांच्यापासून ती करतात. कापडात पोटली बांधून वितळलेल्या गंधकात शिजवतात, म्हणून पोटली कल्प. ती दगडासारखी टणक होते, गिळता येत नाही, उगाळावीच लागते. माणूस अगदी शेवटाला लागला, वाचा गेली, की आल्याच्या रसात किंवा मधात उगाळून जिभेवर लावायचे. दोन शब्द बोलू दे, मुलगा येईपर्यंत धुगधुगी राहू दे, एवढ्यासाठी.

आमच्या घरी आजोबांची मात्रा होती, बोराएवढी, काळसर, एका बाजूने झिजून सपाट झालेली. चांदीच्या डबीत कापसात ठेवलेली. गावात कुणाकडून रात्री कंदील घेऊन माणूस आला की आजी न विचारता डबी आणि सहाण काढून ठेवायची. किती द्यायची ते वळशांवर. सहाणेवर गोल एकदा फिरवली की एक वळसा. आजोबा पुटपुटत वळसे मोजायचे. तराजू नाही, चमचा नाही. बाळगुटीलाही हेच माप. हळकुंडाचे इतके वळसे, वेखंडाचा एक, बाळ जसं वाढेल तसे वळसे वाढवायचे. एकच वस्तू औषध म्हणून मात्रा आणि तिचं माप म्हणूनही मात्रा, हे मला तेव्हापासून ऐकून माहीत आहे.

वाक्प्रचारही इथलाच. ‘मात्रा लागू पडली’, ‘तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’, ही वैद्याची मात्रा. जालीम औषधसुद्धा जिथे काही करू शकत नाही, असा त्याचा अर्थ.

एक विनंती. जुन्या डब्यांत असे तुकडे सापडतात. वाचून उत्साहाने कुणी घरच्या घरी उगाळून देऊ नका, बाळाला तर मुळीच नको. त्यात पारा आहे आणि कुणी, कसा शुद्ध केला होता ते कळायला मार्ग नाही.

आंबेमोहर

सहाण ताई, कंदील घेऊन आलेला माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. ‘मात्रा चालत नाही’चं उत्तरही मिळालं. मी आजवर ते ताल चुकण्याशी जोडत होते.

पाठशाळा

सूर्यफूल यांची कल्पना सुंदर आहे, पण व्युत्पत्ती तशी नाही. मात्रा हा ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून झालेला शब्द. मान, माप, प्रमाण, परिमाण ही सगळी त्याचीच भावंडे. गंमत अशी की संस्कृतात ‘मातृ’ शब्दाची तृतीया ‘मात्रा’ अशीच होते, म्हणजे ‘आईने’. दिसायला तंतोतंत एक, पण शब्द दोन.

इथे झालेल्या सगळ्या अर्थांचे मूळ उच्चारशास्त्रात चांगले दिसते. ऱ्हस्व स्वराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या, म्हणजे लांबवून म्हटलेल्या स्वराच्या तीन, नुसत्या व्यंजनाची अर्धी. पण एक मात्रा म्हणजे किती वेळ? घड्याळ नव्हते. पाणिनीय शिक्षा या उच्चारावरच्या जुन्या ग्रंथात त्यासाठी पक्षी आणि प्राणी दिले आहेत. चाष, म्हणजे आपला नीलकंठ, एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन आणि मुंगूस अर्धी. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुले खिडकीकडे कान लावतात. कावळा तर कुठेही मिळतोच. त्याची एक काव म्हणजे एक दीर्घ स्वर.

योगतत्त्वोपनिषदात दुसरे माप आहे. गुडघ्याभोवती हात फिरवायचा, फार भरभर नाही, फार सावकाश नाही, आणि चुटकी वाजवायची. ती एक मात्रा. अशा १६ मात्रा श्वास आत, ६४ मात्रा रोखलेला आणि ३२ मात्रा बाहेर. सहाणेवरचा वळसा आणि हा गुडघ्याभोवतीचा वळसा आज एकाच धाग्यात वाचायला मिळाले, याचा मला फार आनंद झाला.

वैयाकरणांविषयी एक जुने वचन आहे. सूत्रात अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना पुत्रजन्माएवढा आनंद होतो. अर्धी मात्रा म्हणजे एक व्यंजन. इतके ते काटकसरीने लिहीत.

ठेका

गुडघ्याभोवती हात फिरवून चुटकी हे उद्यापासून क्लासमध्ये. विलंबित लय धरायला मुलांना फार जड जातं, घाई होते. हात फिरवत राहिला तर घाई होणार नाही.

वेंगुर्ला_मेल

मी कोकणात आरोग्यसेविका आहे. लशीचं सांगते.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, आमच्याकडे ज्येष्ठांचं मार्चपासून. वरून येणाऱ्या पत्रकांत ‘पहिली मात्रा’, ‘दुसरी मात्रा’, नंतर ‘वर्धक मात्रा’ असं छापलेलं असायचं. आम्हा मुलींना ते पुस्तकी वाटायचं. आम्ही सगळ्यांना डोसच म्हणायचो. एक आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या. मी म्हटलं, "आजी, दुसरा डोस अमुक तारखेला." त्या नुसत्या बघत राहिल्या. मी तीनदा सांगितलं. मग त्यांनी भिंतीवरचा कागद नातवाकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "मात्रा म्हण गो. मात्रा माका कळता. डोस म्हंजे काय ता माका कळणा नाय." आणि लगेच विचारलं, "पथ्य काय?"

पथ्याचा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मात्रा म्हटल्यावर त्यांच्या मनात वेळ, प्रमाण, पथ्य सगळं एकदम उभं राहिलं. त्या दिवसापासून साठीच्या पुढच्यांना मी मात्राच म्हणते.

छंदिष्ट

‘मात्र’ राहिलाच की! हे तर याच घरातलं. ‘नाममात्र’ म्हणजे फक्त नावापुरतं, ‘तिळमात्र’ म्हणजे तिळाएवढं. पण ‘प्राणिमात्र’ म्हणजे सगळे प्राणी. एकच शब्द एका जागी ‘एवढंच’ आणि दुसऱ्या जागी ‘एकूणएक’. आणि ‘तो मात्र आला नाही’मधला तिसराच, तो एकट्याला वेगळं काढून दाखवतो.

पाठशाळा

अगदी बरोबर. माप म्हणजे हद्द. हद्दीच्या आतले सगळे धरले की प्राणिमात्र, हद्दीबाहेर काही नाही म्हटले की नाममात्र. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘मात्रास्पर्श’ येतो. थंडी-ऊन, सुख-दुःख देणारे इंद्रियांचे आणि विषयांचे स्पर्श. तिथेही ज्याने जग आपल्याला मोजून कळते ती मात्रा, असा अर्थ लावता येतो. आणि मांडूक्य उपनिषदात अ, उ, म या ॐकाराच्या तीन मात्रा सांगून चौथ्याला अमात्र म्हटले आहे. मोजमापात न येणारा.

माळव्यातला

बायकोला हा धागा वाचून दाखवला. पाऊस आता मोठ्या प्रमाणात. पण ‘छोटी इ की मात्रा’ मी सोडणार नाही, ती माझ्या शाळेची आहे.

वेलांटी

सोडूही नका. :)

आंबेमोहर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकीला बसवून सांगितलं. मात्रा म्हणजे मोजायचं माप, आणि कोण काय मोजतंय त्यावर ते बदलतं. बाई अक्षरावरच्या रेघा मोजतात, सर टाळ्या मोजतात, पणजी वळसे मोजायची. तिला हे एका दमात पटलं. ‘धा’ आणि ‘तिरकिट’ करून झालं. कावळ्यासाठी सकाळी गच्चीत जाऊन बसलो. कावळा आला, पण त्याने एकामागून एक सात-आठदा काव काव केलं, त्यामुळे मोजणी तिच्याच हिशेबाने सोळापर्यंत गेली.

मग छंदिष्ट यांचा ‘सुश्लोक वामनाचा’ पाटीवर लिहिला आणि अक्षराच्या वजनाप्रमाणे टाळ्या द्यायला सांगितल्या. ‘सु’ला तिने एकच दिली. मी म्हटलं, मोठ्याने म्हणून बघ. तिने दोनदा म्हटलं, ‘सुश्’वर थांबली आणि दुसरी टाळी दिली. नंतर मी मुद्दाम ‘तुझ्या’ लिहून दिला, नियम काहीच सांगितला नव्हता. ‘तु’ला एक टाळी, ‘झ्या’ला दोन, आणि पाटी पुसून खेळायला पळाली.